आज कसला दिवस?

माणसाने इतकं बरोबर असू नये. चार माणसांत राहायचं तर अधूनमधून चुकावं, कुणी चूक दाखवली तर "असेल बाई" म्हणून सोडून द्यावं. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना ते उभ्या जन्मात जमलं नाही. मला बरं जमायचं. पण एका सकाळी मी त्यांच्यासारखी वागले, अगदी तारखेसकट बरोबर बोलले, आणि तेव्हापासून माझं काही ठीक नाही.

मी पुण्यातल्या एका खासगी रेडिओवर सकाळचा शो करते. सात ते अकरा. तुम्ही डबे भरत असता, वाघोलीच्या सिग्नलला गाडी बंद करून बसलेले असता, तेव्हा एक बाई काही कारण नसताना आनंदात बोलत असते ना, ती मी. भेंडी चिकट का होते, मांजरं एवढी झोपतात का, शेजाऱ्याकडून नेलेली शिडी कुणी कुणी परत केलेली नाही, असल्या गप्पा. आणि रोज सात चाळीसला "आज कसला दिवस?" जगात रोज कसला ना कसला दिवस असतोच. मोज्यांचा असतो, उशीचा असतो, उलटं चालायचाही असतो म्हणे. तो सांगायचा, त्यावर हसायचं, लोकांचे फोन घ्यायचे. हा सात चाळीसचा मजकूर ते लिहून द्यायचे.

त्यांना हाक काय मारायची, इथूनच सुरुवात होती. ऑफिसातली पोरं आपली काका म्हणायला गेली. "मी तुमचा काका कसा? तुमच्या वडिलांना मी ओळखत नाही." बरं, सर. "काय शिकवलं मी तुम्हाला?" आडनावाने हाक मारली तर ओ द्यायचे, पण वर विचारायचे, "नाव नाही का मला?" आणि नाव घ्यायची कुणाची छाती होणार? शेवटी "अहो"वर भागलं. अख्खं ऑफिस, शिपायापासून साहेबापर्यंत, एका साठी उलटलेल्या माणसाला नवऱ्याला बोलवावं तसं अहो म्हणायचं. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

मुळात ते आमचे श्रोते. म्हणजे फिर्यादीच. दर आठवड्याला एक पोस्टकार्ड. "सोमवारी आपल्या बाईंनी आज कोजागिरी असे सांगितले. ती मंगळवारी आहे. लोक दूध आटवून बसले असतील त्यांचे काय?" आमचे तेव्हाचे साहेब कंटाळले आणि एक दिवस त्यांना बोलावूनच घेतलं. म्हणाले, बाहेरून चुका काढण्यापेक्षा आत बसून काढा. तर हे दुसऱ्या दिवशी बरोब्बर बाराला हजर, हातात कापडी पिशवी.

त्याआधी तीसेक वर्षं ते एका छापखान्यात होते. तिथे दिनदर्शिका छापायच्या. पंचांग समोर ठेवून प्रत्येक तारखेखालची तिथी, सण, उपास तपासायचा, एवढंच काम. "लोकांनी तीस वर्षं संकष्टी माझ्या भरवशावर सोडली," असं ते सांगायचे, आणि त्यात गंमत आहे हे त्यांच्या गावीही नसायचं. छापखान्यातून दरवर्षी रोज पान फाडायचं एक कॅलेंडर मिळायचं. ती फाडलेली पानं त्यांनी दोऱ्याने बांधून ठेवलेली. माझा मजकूर त्या पानांच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर यायचा, शाईच्या पेनाने, खाली रेघ मारून. मी एकदा म्हटलं, अहो, ऑफिसात कागद आहेत. तर म्हणाले, "तारीख गेली म्हणून कागद जात नाही."

कर्वेनगरहून येरवड्याला, आमच्या ऑफिसात, दोन बस बदलून यायचे. ईमेल करा, व्हॉट्सअॅप करा, सगळं सांगून झालं. उद्याचं पान आज बाराला माझ्या टेबलावर ठेवायचं, मी ते वाचून "कळलं" म्हणायचं, मग ते जाणार. मी नुसती मान हलवली तर जायचे नाहीत.

हसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. माझ्या हसण्याचं मात्र त्यांना भारी कुतूहल. एकदा काही कामासाठी सकाळीच आले होते, काचेपलीकडे उभे. मी कुणा श्रोत्याबरोबर खिदळत होते. गाणं लागल्यावर आत आले.

"मघाशी कशाला हसलात?"

"लोकांना बरं वाटतं."

"तुम्हाला वाटलं का?"

मी हेडफोन चढवला. पण त्या दिवशी पुढचे तीन तास मी जेव्हा जेव्हा हसले, तेव्हा तेव्हा मला माझा आवाज ऐकू आला.

मी अकोल्याची. पुण्यात आले तेव्हा "करून राहिली, जाऊन राहिली" जिभेवरच होतं, रेडिओसाठी घासूनपुसून काढलं. घाईत मधूनच निसटायचं. ऑफिसात सगळे फिदीफिदी करायचे. मला वाटलं, आता हे तर सोलूनच काढणार. ते म्हणाले, "तुम्ही बोलता ते चूक नाही, तुमच्याकडचं आहे. फक्त एक दिवस अकोला आणि एक दिवस पुणं करू नका. ऐकणाऱ्याला कळत नाही की कोण बोलतंय." पुण्यात माझ्याशी इतकं नीट कुणी बोललं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांना वचकून असायचे आणि त्यांच्यावर माझा जीवही होता. दोन्ही एकदम असू शकतं.

तर पहिले काही महिने दिवस अगदी चोख. कुठल्या देशात, कधीपासून, का. खोटा दिवस ते हाताने लिहितील हे कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. आणि एक दिवस पानावर आलं, "आज गॅसची टाकी हलवून बघण्याचा दिवस."

मी वाचलं. फोनवर फोन. हडपसर, औंध, वाघोली, सगळं पुणं ओट्याखाली वाकून टाकी हलवत होतं. एका बाईंची तर तेवढ्यात संपलीच, त्यांनी आम्हाला दुवा दिला. दुपारी मी विचारलं, "अहो, हा कुठे साजरा करतात?"

"कर्वेनगरात."

"कधीपासून?"

"आजपासून. तुम्ही वाचलात ना? मग झाला."

मला वाटलं, चला, म्हातारा विनोद करायला शिकला. मग आठवड्यातून एकदोन असे यायलाच लागले. चष्मा फ्रिजवर विसरणाऱ्यांचा दिवस. उद्या नळाला पाणी नाही म्हणून आज बादल्या भरण्याचा दिवस. गच्चीवरचे पापड पाचच्या आत आणण्याचा दिवस. लोकांना ते खऱ्या दिवसांपेक्षा आवडायचे. त्यात खरी गोष्ट काय होती, ती मला त्यांच्या घरी गेल्यावर कळली.

त्यांना ताप आला होता. बारा वाजले, ते आले नाहीत, फोन आला, "पान तयार आहे. कुणाला तरी पाठवा." मीच गेले. कर्वेनगरातली जुनी सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार एका बाईंनी उघडलं. सत्तरीच्या, ठेंगण्या, नऊवारी नव्हे पण पदर खोचलेला, कपाळावर काही नाही. त्यांची मोठी बहीण. लग्न केलं नव्हतं. ह्यांनीही केलं नव्हतं. दोघंच राहायची. ते त्यांना ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणते.

"या, बसा. त्यांना विचारा, कोकम सरबत चालेल का."

ते तीन फुटांवर खुर्चीत बसलेले. मी बावळटासारखी वळून विचारलं, "चालेल का?"

"त्यांना सांगा, चालेल. साखर कमी."

"साखर कमी," मी म्हटलं.

"ऐकलं मी," ताई म्हणाल्या. "त्यांना सांगा, तापात गार पिऊ नये, कोमट करून देते."

धाकट्या भावाला "त्यांना". मला आधी वाटलं, चेष्टा चालली आहे. मग दोघांचे चेहरे पाहिले आणि हसू आवरलं. आत स्वयंपाकघरात फडताळावर एक जुना रेडिओ, आमचंच स्टेशन लावलेलं. ताईंनी मला जेवूनच जा म्हणून बसवलं. ताटात भरली वांगी. आणि सकाळी सात चाळीसला मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, आज भरल्या वांग्यांचा दिवस.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भाताचा घास नीट गोल करत होते.

निघताना ते तापात जिन्यापर्यंत आले, आणि मी न विचारताच त्यांनी सांगितलं, जणू कोष्टकातली चूक दाखवत होते. नऊ वर्षं झाली होती अबोल्याला. घरी मावसबहिणी आल्या होत्या. ताई वडील गेले तेव्हाची हकीकत सांगत होत्या. "दिव्याची अवस होती, मी दिवे घासून पाटावर मांडले होते, आणि बाबांनी पाणी मागितलं." हे खुर्चीतून म्हणाले, "अवस नव्हती. त्रयोदशी होती." ताई थांबल्या. म्हणाल्या, "मग तूच सांग." आणि तो शेवटचा शब्द.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"सांगितलं," ते म्हणाले. "मीच सांगितली पुढची हकीकत. तिथीवार."

"तुम्ही होतात तिथे?"

"नाही. मी छापखान्यात होतो. पुढच्या वर्षाची प्रुफं आली होती." मग म्हणाले, "मी नंतर जुनं पंचांग काढून पाहिलं. त्रयोदशीच होती. बरोबर होतो मी."

हीच तर पंचाईत. चुकले असते तर माफी मागून मोकळे झाले असते. बरोबर असलेल्या माणसाने कशाची माफी मागायची हे त्यांना कळेना, आणि ताईंना तिथीचं काही पडलेलंच नव्हतं. पहिल्या वर्षी त्यांनी चिठ्ठी लिहून पाहिली, ती ताईंनी घडी करून त्यांच्याच ताटाखाली ठेवली. चिठ्ठी म्हणजे बोलणंच ना. भाऊबीजेला मात्र दरवर्षी पाट, रांगोळी, निरांजन, सगळं. ताई ओवाळायच्या, हे तबकात पातळ ठेवायचे, आणि दोघंही गप्प. सकाळी ताईंचा रेडिओ चालू असायचा. तेवढ्यात आमच्या साहेबांनी ह्यांना बोलावलं. आता कळलं मला, दोन बस बदलून का यायचे ते. रेडिओ म्हणजे काही ते नव्हेत. रेडिओ सगळ्या पुण्याशी बोलतो. रेडिओने सांगितलं टाकी हलव, तर हलवण्यात ताईंना कमीपणा नव्हता. दुसऱ्या दिवशी गॅस नोंदवलेला असायचा.

तीस वर्षं एक तिथी इकडची तिकडे होऊ न देणारा माणूस बहिणीशी बोलण्यासाठी शहराला खोटे दिवस सांगत होता. मला जिन्यातच भरून आलं. ही गोष्ट मी शोमध्ये कधी वापरली नाही. माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे.

त्यांना एकच हवं होतं. ताईंनी एक शब्द बोलावा. कुठलाही. वर्षातून एकदा, भाऊबीजेच्या सकाळी, ते तेवढ्यासाठी एक पान लिहायचे: "आज ज्याच्याशी बोलणं टाकलंय त्याच्याशी बोलण्याचा दिवस." मी ते जीव ओतून वाचायचे. आणि काय सांगू, पुणं बोलायचं. एक सासूबाई सुनेशी फोनवर, शोमध्ये, रडत बोलल्या. दोन भागीदार बोलले, दोन मजले बोलले, एका गृहस्थांनी तर पार्किंगवरून सोडलेल्या शेजाऱ्याची माफी मागितली, आणि पुण्यात हे होत नाही हो. दुसऱ्या दिवशी बाराला मी आशेने विचारायचे.

"काय झालं?"

"बंद केला."

"काय?"

"रेडिओ. मधूनच. मग सव्वाआठला परत लावला."

असं मी पाहिलं तीन वर्षं. तीनदा सगळं पुणं बोललं, ते एक घर सोडून.

मग आमचे साहेब गेले आणि मुंबईहून नवा आला. तिशीतला, सगळ्यांना "गाइज" म्हणणारा. माणूस वाईट नाही, उगाच का बोला. कुणा श्रोत्याने त्याला पत्र लिहिलं होतं, सविस्तर, मुद्द्यांना आकडे घालून, की आपल्या वाहिनीवर सांगतात तसला कुठलाही दिवस जगात नसून ही लोकांची फसवणूक आहे. म्हणजे ह्यांच्यासारखाच कुणीतरी. घरोघरी मातीच्या चुली. नव्या साहेबाने मला बुधवारी दुपारी बोलावलं. "ट्रस्टचा इश्यू आहे. हेड ऑफिसची लिस्ट आहे, तारखा चेक केलेल्या आहेत. लिस्टमध्ये नाही तर ऑन एअर नाही, उद्यापासून. तू सांगशील ना त्यांना?"

मी म्हटलं, सांगते.

ते दीड तासापूर्वीच पान ठेवून गेले होते. मी घाईत होते, वाचलं नव्हतं, नुसतंच "कळलं" म्हटलं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना खोटं कळलं म्हटलं. आता फोन करायचा होता, साधा. फोन हातात घेतलासुद्धा. पण काय सांगू? तुमचा आणि तुमच्या ताईंचा तेवढा एक धागा होता, तो आम्ही कापतोय? म्हटलं जाऊ दे, फोनवर नको, उद्या बाराला येतीलच, समोर बसवून चहा पाजून सांगू. मग मी घरी गेले. दुसऱ्यांच्या अबोल्यावर उसासे टाकणारी मी, माझा स्वतःचा असा सुरू झाला.

गुरुवारी सकाळी सात चाळीसला माझ्यासमोर दोन कागद होते. यादी, आणि त्यांचं पान. पानावरची पहिली ओळ मी पाहिली. "आज रिक्षात बसण्याचा दिवस." मनात आलं, ताईंना कुठे लग्नाला वगैरे जायचं असेल. एक दिवस रिक्षात बसल्या नाहीत तर काय आभाळ कोसळणार आहे? हे शब्द अगदी असेच माझ्या मनात आले. पुढच्या ओळी मी वाचल्या नाहीत.

यादीत होता कागदी विमान उडवण्याचा दिवस. मी तो सांगितला. सोशल मीडियाची मुलगी मोबाइल घेऊन आत आली, "मॅम, एक विमान करा ना, रील करू." हाताशी होता तो कागद मी घेतला. कॅलेंडरचं पान पातळ असतं, विमान छान होतं. मी ते कॅमेऱ्याकडे बघत फेकलं, ते काचेला आपटलं आणि टेबलामागे पडलं, आणि आम्ही दोघी खूप हसलो. मग फोन सुरू झाले. कुणी बाल्कनीतून उडवलं, कुणी वर्गात सरांच्या टकलावर. साडेआठ-पावणेनऊपर्यंत विमानंच विमानं.

बाराला ते आले नाहीत. मला हायसं वाटलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते. आज सुटले, असं वाटलं मला.

शुक्रवारीही आले नाहीत तेव्हा मी फोन केला. उचलला शेजारणीने. म्हणाली, "त्यांची बहीण वारली ना काल सकाळी." मी फोन ठेवला आणि गुडघ्यावर बसून टेबलामागून ते विमान काढलं. धूळ लागली होती. उलगडून वाचायची हिंमत झाली नाही. तसंच खणात ठेवलं. भेटायला गेले नाही. रोज सकाळी सात ते अकरा हसत होते आणि मला स्वतःची शिसारी येत होती.

चौदा-पंधरा दिवसांनी, बाराला, ते आले. पिशवी तीच. दाढी वाढलेली. समोरच्या खुर्चीवर बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं नाही.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "त्या गुरुवारी सात चाळीसला तुम्ही काय वाचलंत?"

मी खणाकडे पाहिलं.

"मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "मी खाली होतो. सव्वासातला उतरलो. महिनाभर तिला जिन्यात दोनदा थांबावं लागत होतं. छातीला हात लावायची. मी शेजारच्या बाईंना तिच्याकडे पाठवलं, तर म्हणाली, त्यांना सांगा मला काही झालेलं नाही. दुसऱ्यांदा पाठवलं, तरी तेच. म्हणून रेडिओ. रेडिओचं ती ऐकायची. रिक्षा आणून दारात उभी केली. डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं. साडेआठपर्यंत उभे होतो. रिक्षावाला म्हणाला, वर जाऊन बघा. मी म्हटलं, येईल ती."

"आणि?"

"वर गेलो. ओट्याशी खाली बसलेली होती, भिंतीला टेकून. माझा चहा झाकून ठेवलेला होता. रेडिओ चालू होता. तुम्ही हसत होतात."

मी तोंडावर हात ठेवला.

"तेव्हापासून मी धरून चाललो आहे की तिने ऐकलं आणि नाही म्हणाली. माझ्याबरोबर दवाखान्यातसुद्धा यायचं नव्हतं तिला, असं. काल शेजारच्या बाई म्हणाल्या, त्या दिवशी रेडिओवर विमानाचं काहीतरी चाललं होतं. म्हणून विचारायला आलो. तिला कळलं होतं का नव्हतं?"

यासाठी तो माणूस दोन बस बदलून आला होता. बहीण वाचली असती का, हे त्यांनी विचारलं नाही. तिने त्यांना नाकारलं की नाही, एवढंच हवं होतं. मी खण उघडला आणि ते विमान त्यांच्यासमोर ठेवलं. सगळं सांगितलं. यादी, साहेब, न केलेला फोन, रील. सांगताना माझी भाषा पार अकोल्याला गेली, मी रडून राहिले होते आणि बोलून राहिले होते. त्यांनी मधे एकही दुरुस्ती केली नाही.

मग त्यांनी विमान उलगडलं. एकेक घडी अंगठ्याने दाबून सपाट केली आणि पान माझ्याकडे सरकवलं.

"वाचा. नेहमी वाचता तसं."

मी वाचलं. "आज रिक्षात बसण्याचा दिवस. ज्यांना जिना चढताना दोनदा थांबावं लागतं, त्यांनी चहा राहू द्यावा आणि आत्ता खाली यावं. रिक्षा दारात उभी आहे. डॉक्टर वाट बघत आहेत. बरोबर येणारा माणूस जातायेता एक अक्षर बोलणार नाही. दिव्याची अवसच होती."

ते खिडकीकडे बघत होते. खाली येरवड्याच्या चौकात कुणीतरी हॉर्न धरून ठेवला होता, तो थांबला.

"म्हणजे तिला कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मी नाही, तुम्हीही नाही."

"नाही."

त्यांनी मान हलवली. मग पान उचललं, विमानाच्या घड्यांवरच परत दुमडलं, कारण आता ते दुसरीकडे दुमडत नव्हतं, आणि पिशवीत इतर पानांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं. उठले. दारापर्यंत गेले आणि थांबले. मला वाटलं, आता दोन शिव्या देतील. द्याव्यात असं मला फार वाटलं.

"तो विमानाचा दिवस," ते म्हणाले, "त्याच तारखेला असतो? तपासलं होतंत?"

"हो. तपासलं होतं."

"मग तुमचं बरोबर होतं," ते म्हणाले, आणि बस गाठायला निघून गेले.